डाव्या हाताशी मांडलेलं पान

इंदूरच्या जुन्या वस्तीतल्या त्या मराठी मंडळात शरच्चंद्र कोरान्ने यांना नावानं हाक मारणारं फारसं कोणी उरलं नव्हतं. लहानथोर सगळे त्यांना पंगतकाका म्हणत. गणपतीतला महाप्रसाद असो की कोणाची मुंज, पानं मांडली की काका धोतर खोचून पंगतीच्या तोंडाशी उभे राहायचे ते शेवटचा माणूस हात धुवायला उठेपर्यंत. स्वतः काही वाढत नसत. त्यांचं काम बघण्याचं.

"अरे, त्या निळ्या शर्टाच्या पानावर कोशिंबीर संपली! त्या वहिनी लाजतायत, त्यांना विचारू नकोस, पुरी सरळ टाक! आणि बाळासाहेबांना श्रीखंड नको देऊस, शुगर आहे. ते मागतील. तरी नको देऊस!"

मंडळाच्या सभागृहात पंगत तीन भिंतींच्या कडेनं बसायची. चौथ्या बाजूला, मोकळ्या जागी, काका. मीठ-लिंबापासून वरणभात-तुपापर्यंत सगळ्या पानांवर सगळं पडलं की ते एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवायचे आणि खणखणीत आवाजात म्हणायचे, "होऊ द्या, सावकाश!" तोवर कोणी घासाला हात लावायचा नाही. एखादं पान अर्धं असताना काकांनी हाक दिली, असं मंडळाच्या इतिहासात घडलं नव्हतं.

ही नजर त्यांनी नोकरीत कमावली होती. तरुणपणी ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परगावचे कॉल जोडायच्या ट्रंक बोर्डावर बसत. समोर दिव्यांची भिंत. कुठला दिवा कधी लागेल नेम नाही. एका कॉलवर बोलता बोलता कोपऱ्यातला दिवा टिपायचा, हे तिथं शिकावं लागे. पुढे बोर्ड गेले, काका क्लार्क झाले, निवृत्त झाले. नजर तेवढी पंगतीच्या कामी आली. शालिनीकाकू म्हणायच्या, "आमच्या लग्नात हे माझ्याकडे बघतच नव्हते. वाढपी कुठं चुकतोय ते बघत होते."

सत्तरी ओलांडल्यावर काहीतरी बदललं. काय, ते प्रथम त्यांनाही कळलं नाही.

दाराच्या चौकटीला डावा खांदा लागायला लागला. टेबलावरचा चहाचा कप कोपरानं पडायला लागला. "अहो, समोर तर ठेवला होता," असं काकू म्हणाल्या की ते खवळायचे, "समोर नव्हता, कडेला होता!" मग एका सकाळी कृष्णपुऱ्याच्या होळकरी समाधी-छत्र्यांपाशी स्कूटरवरून वळताना डावीकडून ई-रिक्षा आली आणि काका गुडघ्यावर आपटले. रिक्षावाला उलट त्यांच्यावरच ओरडला, "अंकल, कब से हॉर्न मार रहा हूँ! सामने तो देख रहे थे आप!"

खरं तर ते समोर बघतच होते. तिथं बस होती, बसच्या मागे सायकल होती, आणि दोन्ही त्यांना स्वच्छ दिसत होत्या.

पलासियाच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात नाशिकहून नुकत्याच आलेल्या डॉक्टर निशिगंधा बसत. काकांनी तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ धडाधड वाचली, शिवाय खाली कोपऱ्यात छापलेलं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं. डॉक्टर हसल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, पडदा साफ, काचबिंदू नाही. मग त्यांनी काकांना संगणकासमोर बसवलं. मध्ये एक चित्र चमके, त्याच क्षणी कडेला कुठंतरी एक ठिपका. चित्र कसलं आणि ठिपका कुठं, दोन्ही सांगायचं. नुसता ठिपका विचारला की काका अचूक सांगत. चित्र आणि ठिपका एकदम आले, त्यातून आजूबाजूला आणखी चौकोन पेरले, की ठिपका गायब.

"डोळे तुमचे उत्तम आहेत काका," डॉक्टर म्हणाल्या. "डोळा बघतो, पण लक्ष तिथवर पोचत नाही. एका वेळी किती जागेवर लक्ष ठेवता येतं त्याचा एक घेर असतो. वयानं तो आखडत जातो. गर्दी असली, मध्येच कोणी बोलायला लागलं, की आणखी आखडतो. तुमचं डावीकडे जरा जास्त आहे."

"मग ड्रॉप्स वगैरे?"

"ड्रॉप्स नाहीत याला. थोडा सराव देते. पण गाडी बंद करा. आणि जिथं एकदम चारी बाजूंना बघावं लागतं, असं काम दुसऱ्याकडे द्या."

काका दवाखान्यातून बाहेर पडले तेव्हा पलासियाच्या चौकात नेहमीची रेटारेटी होती. ते फुटपाथच्या कडेला बराच वेळ उभे राहिले. असं काम दुसऱ्याकडे द्या! म्हणजे नेमकं ते एकच, जे केल्याशिवाय ते कोणीच नव्हते. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "डोळे फर्स्ट क्लास." मंडळात जाऊन त्यात भर घातली, "डॉक्टरीणबाई म्हणाली, काका, तुमचे डोळे मला द्या!" स्कूटर तेवढी गुडघ्याच्या नावाखाली विकून टाकली.

मंडळाचा सचिव मानस विजयनगरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. पोरगा कामाचा, बोलण्यात पक्का इंदुरी, पण पंगत त्याच्या डोळ्यांत खुपायची.

"काका, बफे लावून टाकू ना. लोकं आपल्या हिशोबानं घेतात, फूड वेस्ट होत नाही. अर्धी जनता खाली बसूच शकत नाही आता, भिया."

"उभ्यानं चरतात ती जनावरं."

"रात्री सराफ्यातल्या खाऊगाड्यांवर तुम्हीच उभ्यानं भुट्ट्याचा कीस खाता."

"तो कीस आहे. हा प्रसाद आहे!"

शेवटी कार्यकारिणीत तह झाला. या गणपतीत पंगत; गोंधळ झाला तर पुढल्या वर्षी बफे. काकांनी मान्य केलं आणि त्याच झटक्यात आपलीही एक अट घातली. "यंदा पहिल्या पंगतीला जनाबाई बसतील."

जनाबाई मंडळाची मोठी पातेली घासत आल्या होत्या, त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाई. मराठी माणसंच, होळकरांच्या पागेत खरारा करणाऱ्यांची औलाद. पण त्यांचं जेवण नेहमी सगळं उरकल्यावर, मागच्या अंगणात, डब्यात. तसं लिहिलेलं कुठं नव्हतं. चाललं होतं.

दौलतराव म्हणून एक जुने विश्वस्त होते, ते खाकरले. "बसू दे की. पण पहिल्याच पंगतीला?"

"पहिल्याच," काका म्हणाले. "माझ्या डाव्या हाताशी पान मांडायचं. मी स्वतः लक्ष देईन." एवढं जवळचं पान सुटणं शक्यच नाही, असं त्यांना वाटलं.

जनाबाई आधी नको नको म्हणाल्या. मग त्यांची मुलगी सुरभी म्हणाली, "आई, एवढं म्हणतायत तर जाऊ." सुरभीला नुकतीच बँकेत नोकरी लागली होती. महाप्रसादाच्या दिवशी दोघी ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या आणि काकांच्या डाव्या हाताशी, पंगतीच्या शेवटच्या दोन पानांवर बसल्या.

काका त्या दिवशी पहाटेपासून धास्तावलेले होते. त्यांनी मनाशी युक्ती ठरवली होती: एकदम सगळीकडे बघायचंच नाही. एकेक पान घ्यायचं, त्यावर नजर टेकवायची, पुढं सरकायचं. मोकळ्या सभागृहात त्यांनी हे करून बघितलं होतं, जमलं होतं.

पण पंगत बसली की सभागृह मोकळं राहत नाही. पंखे गरगरत होते, पोरं रडत होती, उदबत्त्यांचा धूर होता, वाढपी उलटसुलट धावत होते. काका उजवीकडून एकेक पान घेत निघाले. मीठ, लिंबू, चटणी, भाजी, भात, वरण, तूप... झालं, पुढचं. नजर मधल्या भिंतीशी पोचली तोच स्वयंपाकघरातून आचारी ओरडला, "पंगतकाका, पुरी अभी छोडूँ क्या? तेल जल रहा है!" आणि कानाशी मानस पुटपुटला, "काका, जल्दी करा, दुसरी पंगत बाहेर उन्हात उभी आहे."

"सोड!" काका आचाऱ्याला म्हणाले. मग डावीकडची उरलेली पानं त्यांनी झरझर बघितली. त्यांना ती भरलेली दिसली. म्हणजे तसं वाटलं.

"होऊ द्या, सावकाश!"

माणसांनी भात कालवला. कोणी 'वा' म्हणालं. आणि मग काकांच्या अगदी जवळून, हाताच्या अंतरावरून, एक आवाज आला.

"चटणी चाटायला बोलावलं होतं का आम्हाला?"

काकांनी मान वळवली. सुरभी उभी होती. तिच्या आणि जनाबाईंच्या पानावर मीठ होतं, लिंबू होतं, चटणी-कोशिंबीर होती. भात नव्हता, वरण नव्हतं, तूप नव्हतं. भाताचं पातेलं या दोन पानांआधीच संपलं होतं. वाढपी भरून आणायला गेला तो तिकडेच अडकला. असं दर वर्षी कुठं ना कुठं व्हायचं आणि दर वर्षी काका हाक रोखून धरायचे. त्यासाठीच तर ते होते.

"अगं, थांब... ए, भात आणा! भात!"

"आईनं हात वर केला होता," सुरभी म्हणाली. "तुम्ही तिच्याकडे बघितलंत. बघून मग हाक दिलीत. काका, न बोलावणं काय वाईट होतं?"

जनाबाईंनी पानाला नमस्कार केला आणि त्या उठल्या. दोघी दरवाज्यातून बाहेर गेल्या तेव्हा सभागृहात जेवणाचा आवाज थांबला होता. कोणीतरी हळूच म्हणालं, "पंक्तिप्रपंच." एका पंगतीत माणसा-माणसांत भेद करणं, याहून मोठं पाप काकांच्या लेखी नव्हतं, आणि ते त्यांच्या नावावर जमा झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच. 'बोलावून अपमान.' 'या जमान्यात?' मानसनं फोन केला तो सरळ विचारायलाच. "काका, खरं सांगा. मुद्दाम नव्हतं ना?" ते "नाही रे" म्हणाले. "मग कसं झालं?" यावर त्यांनी फोन ठेवून दिला.

सगळ्यात वाईट दौलतराव. ते घरी आले, खुर्चीत ऐसपैस बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "शरदजी, मानलं तुम्हाला. आम्ही नुसते बोलत बसलो. तुम्ही न बोलता जागा दाखवून दिलीत. शाब्बास."

काकांच्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं. "तसं नाहीये हो!"

"समजलं, समजलं." दौलतरावांनी डोळा मिचकावला. "बाहेर तसंच म्हणायचं."

ते गेल्यावर काका न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले. काकू दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, तुम्हाला त्या बाजूचं कळत नाही. मला मालूम आहे. किती महिने झाले, मी तुमचा चहा उजवीकडेच ठेवतेय."

काकांनी भिजल्या तोंडानंच दवाखान्यातलं सगळं सांगून टाकलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आता जनाबाईंना सांगा."

जनाबाईंची खोली नदीच्या अंगाला होती. सुरभी ऑफिसला गेली होती. जनाबाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. काकांनी डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगायचा प्रयत्न केला. घेर, लक्ष, गर्दी. त्यांना स्वतःलाच ते खोटं वाटायला लागलं. चोर पकडला गेला की असंच लांबलचक बोलतो.

"पण तुम्ही माझ्याकडे बघितलंत हो," जनाबाई म्हणाल्या. "तोंड माझ्याकडे होतं. मी हसलेसुद्धा."

"तोंड होतं. मी नव्हतो तिथं."

जनाबाई म्हणाल्या, "बघा साहेब, खरं असेल तुमचं. माझ्यापुरतं मी मानेनही. पण पान रिकामं राहिलं ते चारचौघांत. माझी पोरगी उठली ती चारचौघांत. आणि तुम्ही खरं सांगायला इथं आलात, दार लोटून. ते तिथं सांगा की."

"तिथं सांगितलं तर माझी पंगत जाईल, जनाबाई."

"आणि नाही सांगितलं तर माझं काय जाईल, ते तुम्हाला कळत नाही?"

काका पाणी न पिताच उठले. घरी येईपर्यंत त्यांनी आपल्याशी पुष्कळ वाद घातला. एक वर्ष थांबू. सराव करू. डावीकडे एक माणूस उभा करू, कोणाला कळणार आहे? पण जनाबाईंच्या शेवटच्या वाक्यापाशी येऊन वाद दर वेळी कोसळत होता. पंक्तिप्रपंची म्हणून पंगतीवर उभं राहायचं, की खरं बोलून कायमचं खाली उतरायचं? तिसरी वाट दिसत नव्हती, आणि दिसत नाही म्हणून ती नाहीच असं म्हणायचीही आता सोय राहिली नव्हती.

उत्सवाचा समारोप म्हणून पुढल्या रविवारी सभा होती. काकांनी जनाबाईंना आणि सुरभीला निरोप धाडला, या. त्या आल्या, दाराजवळच्या खुर्च्यांवर बसल्या. काका उभे राहिले आणि आडपडदा न ठेवता सगळं बोलले: डॉक्टर काय म्हणाल्या, आपण ते कसं लपवलं, पंगत हातची जाईल म्हणून खोटं कसं बोललो.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी हळहळलं नाही. मागून एकजण म्हणाला, "काका, परवा तर डॉक्टर तुमचे डोळे मागत होती!" दोघं-तिघं हसले. दौलतराव समजूतदारपणे मान डोलवत होते. बाहेर तसंच म्हणायचं, हे काका शिकले, असं त्यांना वाटत होतं.

"डोळे चांगले आहेत, पण दिसत नाही," सुरभी म्हणाली. "आणि नेमकं आमचंच पान दिसत नाही. बरं आहे."

आयुष्यात पहिल्यांदा आपण असमर्थ आहोत हे काका ओरडून सांगत होते, आणि कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं.

"परीक्षा घ्या माझी!" ते म्हणाले. "इथं, आत्ता. मानस, तू घे."

मानस घुटमळला. मग उठला. त्यानं खुर्च्या पंगतीसारख्या तीन बाजूंना सरकवून घेतल्या आणि काकांना मोकळ्या बाजूला उभं केलं. आपण समोर उभा राहून मोबाइल धरला. "मी आकडे दाखवतो, ते मोठ्यानं वाचायचे. एकही सोडायचा नाही. बसलेल्यांनी मनात येईल तेव्हा हात वर करायचा. हात दिसला की काका 'हो' म्हणतील आणि बोट दाखवतील. ओके?"

काकांनी आकडे वाचायला सुरुवात केली. पडद्यावर अंक बदलत होते. उजवीकडे एक हात हलला. "हो!" त्यांनी बोट दाखवलं. सत्तेचाळीस. बारा. समोर, मानसच्या मागे, आणखी एक हात. "हो!" अठ्ठ्याण्णव. त्यांचा आवाज चढत गेला, एक्स्चेंजमधल्यासारखा लयीत आला. पुन्हा उजवीकडे, "हो!" एकही आकडा चुकला नाही.

मानसनं मोबाइल खाली घेतला.

काकांना धाप लागली होती. जे झालं ते त्यांच्या लक्षात आलं. सगळे हात तर त्यांनी पकडले होते! आता कोण विश्वास ठेवणार? ज्या नजरेसाठी ते एवढे दिवस खोटं बोलले, तिनं नको त्या वेळी दगा दिला होता. शाबूत राहून.

"आज जमलं मला," ते काकुळतीनं म्हणाले. "आज कसं जमलं माहीत नाही. पण त्या दिवशी खरंच... मानस, परत घे. गडबड जास्त कर. लोकांना बोलायला लाव. मी शपथेवर सांगतो, मला दिसत नाही रे!"

हसणारे हसायचे थांबले होते. काकूंनी पदर तोंडाला लावला होता. दौलतराव छताकडे बघत होते. मानसनं काकांच्या खांद्यावर हात ठेवायला म्हणून उचलला आणि तसाच मागे घेतला.

"काय झालं?" काकांनी विचारलं. "काय झालं, बोला ना."

"काका," डावीकडून सुरभीचा आवाज आला. त्यात आता धार नव्हती. "इकडे बघा."

त्यांनी पूर्ण मान वळवली, मग सगळं अंगच वळवलं. दाराजवळच्या खुर्चीवर, त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर, जनाबाई बसल्या होत्या. त्यांचा हात वर होता. बराच वेळ वर राहून तो थरथरायला लागला होता, म्हणून दुसऱ्या हातानं त्यांनी कोपराला आधार दिला होता.

"पहिल्या आकड्यापासून वर आहे, साहेब," जनाबाई म्हणाल्या, आणि हात खाली घेतला.